सीना : उगमापासून कूडलपर्यंत

पावसाळ्यात एखाद्या रात्री जोराचा पाऊस झाला, की सकाळी नगरकर एकमेकांना विचारतात, "कल्याण रोडच्या पुलावर पाणी आलंय का?" वर्षातले ते दोन-चार दिवस सोडले, तर सीना नदीची आठवण शहराला होत नाही. उरलेल्या दिवसांत तिला 'नाला' म्हणणारेच अधिक. गेली काही वर्षे सवड मिळेल तसा मी या नदीच्या काठाने हिंडतो आहे. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

सीनेला एक उगम नाही, दोन आहेत. एक प्रवाह पारनेर तालुक्यातील जामगावच्या बाजूने, म्हणजे शहराच्या पश्चिमेकडून येतो. दुसरा ईशान्येला जेऊरच्या परिसरात, गर्भगिरीच्या डोंगरात सुरू होतो आणि पिंपळगाव माळवीकडून खाली उतरतो. हे दोन्ही प्रवाह एकत्र होऊन शहराच्या पश्चिम अंगाने नदी दक्षिणेकडे वळते. गर्भगिरी ही बालाघाटाची एक रांग. हा डोंगर जलविभाजक आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. त्याच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब गोदावरीला जातो. दक्षिण उतारावरचा थेंब सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळतो.

शहर सोडल्यावर सीना आग्नेयेकडे निघते. पुढे बराच अंतर ती जिल्ह्याची सीमारेषा होते : एका काठाला आपला कर्जत तालुका, दुसऱ्या काठाला बीड जिल्ह्यातील आष्टी. निजामाच्या काळात ही दोन राज्यांमधली हद्द होती. गर्भगिरीतूनच निघालेली मेहेकरी तिला वाटेत मिळते. कर्जत तालुक्यात निमगाव गांगर्डा येथे सीनेवर धरण आहे. त्याच्या खाली जामखेड तालुक्यातील चौंडी लागते. मग करमाळा आणि परांडा यांच्यामधून, सीना-कोळेगाव धरण ओलांडून, माढा, मोहोळ आणि उत्तर सोलापूर असा प्रवास करत ती दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कूडल येथे भीमेत विसावते.

हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीचे पाणी घेऊन येणाऱ्या मुळा-प्रवरांचे भाग्य सीनेला नाही. तिच्या उगमाकडे वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार-सहा मोठ्या सरींत. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. त्यामुळे पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. उन्हाळ्यात कोरडी आणि पावसात एका रात्रीत दुथडी, हा तिचा स्वभाव या भूगोलातून आला आहे. नदी लहान आहे म्हणून तिचा पूर लहान असतो, हा समज घातक आहे. २०२५च्या सप्टेंबरात करमाळा, माढा, मोहोळ भागातील गावांनी सीनेचे जे रूप पाहिले, ते विसरण्यासारखे नाही.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर या लहान नदीचे माप मोठे आहे. २८ मे १४९० रोजी मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला आणि पुढे १४९४ मध्ये सीनेच्या काठी आपले शहर वसवायला घेतले. पण निजामशाहीच्या जाणत्यांनी एकट्या नदीवर भिस्त ठेवली नाही. शेंडी, कापूरवाडी, वडगाव अशा डोंगरपायथ्याच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणि बागांत खेळवले. सीना बारमाही नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

याच नदीच्या काठी, खाली चौंडीत, १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नावावरून पुष्कळ बोलले गेले, पण एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही : जुने नाव ज्याचे, त्याने शहर वसवले ते सीनेकाठी आणि नवे नाव जिचे, ती जन्मली तीही सीनेकाठी. नाव बदलले तरी नदी तीच राहिली.

आणि नदी संपते तिथे काय आहे? कन्नडमध्ये 'कूडल' म्हणजे संगम. कूडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा, मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. वाचणाऱ्याचा विजय व्हावा, असा त्याचा आशय. आपल्या शहरातून गेलेले पाणी मराठी भाषेच्या एका आद्य अक्षरओळीपाशी पोचते, हे कळल्यावर मी बराच वेळ त्या घाटावर बसून होतो.

पण पोचते ते पाणी कसले? आज नगर शहर मुळा धरणाचे पाणी पिते. मुळा गोदावरीच्या खोऱ्यातली. वापरून झालेले तेच पाणी आपण सीनेत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात सोडतो. डोंगराने जे दोन भाग वेगळे ठेवले, ते आपण नळाने आणि गटाराने जोडले. उन्हाळ्यात शहराजवळ सीनेत जे वाहताना दिसते, ते बहुतांशी हेच सांडपाणी. खाली तिला कुकडीचे पाणी भोसे खिंडीच्या बोगद्यातून मिळते, तर माढ्याकडे भीमा-सीना जोडकालव्यातून उजनीचे. म्हणजे उगमाशी गटार आणि पुढे कालवा, अशी तिची गत. तिचे स्वतःचे पाणी तेवढे पावसाळ्यापुरते. शहरात तर पात्रात भराव पडले, बांधकामे काठाला येऊन भिडली. नदीची जागा आपण घेतली, म्हणून पुरात ती रस्त्यावर येते.

हे सुधारते का? जर्मनीत ऱ्हाईनला मिळणारी एम्शर नावाची नदी आहे, सुमारे ८० किलोमीटरची. कोळसा खाणींच्या रूर प्रदेशाने शंभराहून अधिक वर्षे तिचे उघडे गटार केले होते. खाणींमुळे जमीन खचत असे, म्हणून भूमिगत नळ टिकत नसत. खाणी सरल्यावर, १९९२च्या सुमारास काम सुरू झाले. नदीला समांतर ५१ किलोमीटरची भूमिगत वाहिनी घातली आणि २०२१च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून सुटली. तीस वर्षे लागली आणि पाच अब्ज युरोंहून अधिक खर्च झाला. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण तिथला क्रम घेण्यासारखा आहे. आधी सांडपाणी वेगळे केले, मग पात्र मोकळे केले आणि सुशोभीकरण सर्वांत शेवटी. आपण नेमके उलट, बाके आणि दिवे लावण्यापासून सुरुवात करतो.

सीना बारमाही होणार नाही, तसा तिचा पिंडच नाही. कोरड्या पात्राची नदी हीसुद्धा नदीच असते. तिचे पात्र तिचे राहावे आणि आपले सांडपाणी शुद्ध होऊनच तिच्यात जावे, एवढे झाले तरी पुष्कळ. पुढच्या पावसाळ्यात पुलावर पाणी आले का, असे कोणी विचारले, तर त्याला एवढे सांगावे : पाणी पुलावर आलेले नाही, आपण पाण्याच्या वाटेवर गेलो आहोत.