चोरीची बंदूक आणि कायद्याचा पाठलाग

२६ ऑगस्ट १९१४. महायुद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. कलकत्त्यात रॉडा आणि कंपनी या शस्त्र व्यापाऱ्यांच्या मालाच्या २०२ पेट्या जकात कार्यालयातून सोडवून आणायच्या होत्या. काम कंपनीचा कर्मचारी श्रीशचंद्र मित्र याच्यावर सोपवले होते. बैलगाड्यांतून १९२ पेट्या गोदामात पोहोचल्या. उरलेल्या आणतो, असे सांगून मित्र जो गेला, तो परतलाच नाही. राहिलेल्या दहा पेट्यांची गाडी भलत्याच वाटेला लागली होती. ती हाकणारा हरिदास दत्त हा गाडीवानाच्या वेशातला क्रांतिकारक होता. त्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती.

कंपनीने पोलिसांना कळवले ते तीन दिवसांनी. तेवढा अवधी पुरेसा ठरला. पुढे १९१८ मध्ये रौलट समितीने आपल्या अहवालात या चोरीचा हिशेब मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश बॅसिल स्कॉट हेही या समितीचे सदस्य होते. अहवालानुसार ५० पैकी ४४ पिस्तुले जवळजवळ लगेचच बंगालमधल्या नऊ वेगवेगळ्या गटांत वाटली गेली. त्यानंतरच्या दरोडे, खून किंवा त्यांच्या प्रयत्नांच्या ५४ घटनांत ती वापरली गेली. अहवाल लिहिला जाईपर्यंत ३१ पिस्तुले परत मिळाली होती. म्हणजे जवळपास चार वर्षे शोध घेऊनही साम्राज्याच्या पोलिसांना १९ पिस्तुले सापडली नव्हती, आणि तीही कंपनीच्या दप्तरात प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक नोंदलेला असताना.

रॉडा कंपनीची पिस्तुले पळवणारे स्वातंत्र्यासाठी लढत होते. १९१५ च्या सप्टेंबरात बालासोरजवळ बाघा जतीन आणि त्यांचे साथीदार ब्रिटिश पोलिसांशी लढले ते माउझर पिस्तुलांनीच. त्यांच्या हेतूचा आदर राखूनही या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. चोरीला गेलेले दागिने वितळवले की त्यांचा प्रवास संपतो. बंदूक मात्र चोरीनंतरच खऱ्या अर्थाने कामाला लागते. ती हात बदलते, गावे बदलते, आणि प्रत्येक नव्या हातात नव्या गुन्ह्याची शक्यता घेऊन जाते. म्हणून बंदुकीच्या चोरीला कायदा काय शिक्षा देतो, हा प्रश्न केवळ वकिलांपुरता नाही.

दोन कायद्यांची जोडणी

भारतात ‘बंदूक चोरणे’ नावाचा स्वतंत्र, सर्वसमावेशक गुन्हा नाही. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने बंदूक ही आधी जंगम मालमत्ता आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार साध्या चोरीला कमाल तीन वर्षे कैद आहे. चोरी राहत्या घरातून झाली, किंवा चोरलेली वस्तू सरकारी मालकीची असली, तर कलम ३०५ नुसार कमाल सात वर्षे. नोकराने मालकाची वस्तू लांबवली तर कलम ३०६ नुसार तीच सात वर्षे. कपाटातून मोबाइल गेला काय किंवा पिस्तूल गेले काय, या संहितेच्या लेखी कलम एकच.

चोरीचा माल घेणाऱ्यासाठी कलम ३१७ आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेतला किंवा जवळ ठेवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. तो लपवायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत. माल दरोड्यातला असेल, किंवा अशा मालाचा व्यवहार हाच धंदा असेल, तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची शिक्षा.

शस्त्राच्या बाबतीत खरी धार येते ती १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने. पोलीस ठाण्यांत आणि कोर्टांत सगळे त्याला ‘आर्म्स अॅक्ट’ म्हणतात. १८७८ चा लिटनच्या काळातला कायदा भारतीयांना निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. स्वतंत्र भारताने तो बाजूला सारून परवाना पद्धतीवर उभा असलेला हा कायदा केला. चोरलेल्या बंदुकीचा परवाना चोराच्या नावावर कधीच नसतो. त्यामुळे बंदूक हातात आल्या क्षणी चोर आणि पुढे ती घेणारा, दोघेही विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडतात. बंदूक चोरीची होती हे घेणाऱ्याला माहीत होते की नव्हते, हा मुद्दाही इथे उरत नाही. परवाना नाही, एवढे पुरते.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने या कायद्यातल्या शिक्षा बऱ्याच वाढवल्या. साधे अग्निशस्त्र विनापरवाना बाळगण्याची शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षे होती, ती दोन ते पाच वर्षे झाली. सलग गोळ्या झाडणाऱ्या रायफलींसारख्या प्रतिबंधित शस्त्रांसाठी पाच ते दहाऐवजी सात ते चौदा वर्षे झाली. शस्त्रांच्या अवैध तस्करीसाठी किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची नवी तरतूद आली. याच दुरुस्तीने एक नवे उपकलमही घातले: पोलीस किंवा सशस्त्र दलांकडून बळाचा वापर करून शस्त्र हिसकावणाऱ्याला किमान दहा वर्षे, कमाल जन्मठेप. बंदूक काढून घेणे हाच गुन्ह्याचा गाभा असलेली ही तरतूद आहे. पण ती बळाच्या वापरापुरती आणि सरकारी दलांपुरतीच मर्यादित आहे. निवृत्त शिक्षकाच्या घरून रात्री रिव्हॉल्व्हर गेले, तर ती लागू होत नाही.

ताबा म्हणजे काय

अशा खटल्यांत सरकारी पक्षाची खरी कसोटी ‘ताबा’ सिद्ध करताना लागते. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताबा म्हणजे केवळ शस्त्र हातात असणे नव्हे. शस्त्र प्रत्यक्षात दुसऱ्याजवळ असले, तरी त्यावर आपली सत्ता आणि नियंत्रण असेल तर तो आपलाच ताबा. मात्र त्यासाठी जाणीव हवी. आपल्या गाडीच्या डिकीत कोणी नकळत कट्टा ठेवला, तर तो ताबा होत नाही. १९९४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने संजय दत्त यांच्या खटल्यात ‘जाणीवपूर्वक ताबा’ हा निकष पक्का केला. त्या प्रकरणातली रायफल चोरीची नव्हती. १९९३ च्या स्फोटांआधी सागरी मार्गाने आलेल्या शस्त्रांशी तिचा संबंध होता. तरी शस्त्र स्वीकारणाऱ्याला कायदा कसा पाहतो, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सहा वर्षांची शिक्षा पाच वर्षांवर आणली. पाच वर्षे हीच तेव्हाची किमान शिक्षा होती. आज ती सात आहे.

दुसरी अडचण क्रमांकाची. शस्त्रावरचा क्रमांक घासून टाकला की मूळ मालकापर्यंत पोहोचणे अवघड होते. म्हणून कलम ८ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. क्रमांक खोडलेले शस्त्र ज्याच्याजवळ सापडेल, त्यानेच तो खोडला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नसल्याचे आरोपीने सिद्ध करायचे. तिसरी अडचण तांत्रिक आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला चालवण्याआधी कलम ३९ नुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती घेतली नसेल, पंचनाम्यात सीलबंदी नीट नोंदवली नसेल, शस्त्र चालू स्थितीत आहे असा तज्ज्ञांचा अहवाल नसेल, तर आरोपीच्या वकिलाला दुसरे काही शोधावे लागत नाही. वाढवलेली शिक्षा अशा खटल्यांत कागदावरच राहते.

राखणदारच चोर

चोरी नेहमी बाहेरून होते असे नाही. २०१८ मध्ये बिहारच्या मुंगेर जिल्ह्यात पोलिसांना एकामागून एक एके-४७ रायफली सापडू लागल्या. मुंगेर बेकायदा पिस्तुलांसाठी पूर्वीपासून कुप्रसिद्ध. पण एके-४७ तिथे घडवल्या जात नव्हत्या. धागा निघाला जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारात. लष्कराने बाद ठरवलेल्या रायफलींचे सुटे भाग भांडारातून बाहेर काढले जात. एक निवृत्त शस्त्र कारागीर ते जोडून चालू रायफल तयार करी आणि ती मुंगेरच्या दलालांना विकली जाई. वीसहून अधिक रायफली जप्त झाल्या, काही तर विहिरीतून काढाव्या लागल्या. पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्यातूनही बाद भागांची अशीच गळती उघड झाली होती.

या प्रकरणांत दिसते ते असे की शिक्षेच्या कलमांची कमतरता नव्हती. चोरी, विश्वासघात, प्रतिबंधित शस्त्रे, तस्करी, कट, सगळी कलमे हाताशी होती. कमतरता होती ती मोजणीची. बाद ठरलेले शस्त्र वितळून नष्ट होईपर्यंत त्याच्या प्रत्येक भागाचा हिशेब ठेवला असता, तर विहिरीपर्यंत जायची वेळ आली नसती.

शस्त्रागारे लुटली जातात तेव्हा

१५ फेब्रुवारी २००८ च्या रात्री ओडिशातल्या नयागडमध्ये माओवाद्यांनी पोलिसांची शस्त्रागारे फोडून हजाराहून अधिक शस्त्रे नेली. आपल्या गडचिरोलीत २००९ साली मरकेगाव आणि लाहेरी इथे अनुक्रमे १५ आणि १७ पोलीस शहीद झाले, तेव्हा त्यांची शस्त्रेही हल्लेखोरांनी पळवली. ती शस्त्रे पुढे कोणाविरुद्ध वापरली गेली असतील, हे त्या जिल्ह्यातल्या पोलीस कुटुंबांना सांगावे लागत नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती गडचिरोलीत ६० सहकाऱ्यांसह शरण आला, तेव्हा जमा झालेल्या ५४ शस्त्रांचे मोलही मोठे होते.

सर्वांत मोठी घटना मणिपूरची. मे २०२३ पासूनच्या हिंसाचारात जमावांनी पोलीस ठाणी आणि शस्त्रागारांतून सुमारे सहा हजार शस्त्रे लुटली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी बिष्णुपूर जिल्ह्यातल्या नारनसैना इथले राखीव बटालियनचे शस्त्रागार लुटले गेले. त्या प्रकरणात सीबीआयने सात जणांवर आरोपपत्र दाखल केले. कायद्याचे अक्षर पाळायचे तर बळाने शस्त्र नेणाऱ्या प्रत्येकाला किमान दहा वर्षे कैद. पण हजारो घरांत विखुरलेल्या शस्त्रांसाठी हजारो खटले कसे चालवणार?

राष्ट्रपती राजवट लागल्यावर २० फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यपाल अजयकुमार भल्ला यांनी वेगळी वाट धरली. सात दिवसांत शस्त्रे जमा करा, कारवाई होणार नाही, असे आवाहन त्यांनी केले. मुदत पुढे ६ मार्चपर्यंत वाढवली. सुमारे हजार शस्त्रे परत आली. ती थोडी वाटतील. पण एवढ्या थोड्या दिवसांत इतकी शस्त्रे खटल्यांनी परत आणली असती का, याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मते ही माफी म्हणजे कायद्याची शरणागती नव्हती. चोरीच्या शस्त्राबाबत कायद्याचे पहिले उद्दिष्ट ते शस्त्र धोकादायक हातांतून काढणे हे असायला हवे. मुदत संपल्यावर मात्र कठोर कारवाई झालीच पाहिजे, नाहीतर पुढच्या आवाहनाला कोणी दाद देणार नाही.

मालकाची जबाबदारी

कायद्याची सर्वांत दुबळी बाजू मालकाच्या जबाबदारीची आहे. परवान्याच्या अटींनुसार शस्त्र सुरक्षित ठेवणे आणि चोरी झाल्यास विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे. पण अट मोडल्यास कलम ३० नुसार शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोराच्या शिक्षेत २०१९ साली एवढी वाढ झाली, पण उघड्या खणात भरलेले पिस्तूल ठेवणाऱ्याच्या निष्काळजीपणाकडे तितके लक्ष गेले नाही.

अमेरिकेचा दाखला इथे उपयोगी पडतो. तिथे केंद्रीय कायद्याने चोरीचे शस्त्र जाणूनबुजून घेतल्यास दहा वर्षांपर्यंत कैद आहे. परवानाधारक विक्रेत्याने चोरी लक्षात आल्यापासून ४८ तासांत कळवलेच पाहिजे. खासगी मालकावर मात्र केंद्रीय कायदा असे बंधन घालत नाही. त्यामुळे चोरीची नोंदच न झालेले शस्त्र एखाद्या गुन्ह्यात सापडते, तेव्हा तपास जुन्या मालकाच्या दारात येऊन थांबतो. आपल्याकडे परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद आहे आणि प्रत्येक परवानाधारकाला विशिष्ट ओळख क्रमांक आहे. म्हणजे पाया तयार आहे. त्यावर ‘विनाविलंब’ या सैल शब्दाऐवजी चोवीस तासांची स्पष्ट मुदत आणि ती मोडल्यास परवाना रद्द, अशी तरतूद सहज बसवता येईल.

शिक्षा वाढवत नेण्याला मर्यादा असते, हे आपण आधीच पाहिले आहे. प्रतिबंधित शस्त्राने मृत्यू घडवल्यास फाशीच, अशी सक्ती शस्त्र कायद्याच्या कलम २७(३) मध्ये होती. न्यायाधीशाला गुन्ह्याची परिस्थिती पाहायची मुभाच न देणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दलबीर सिंग खटल्यात घटनाबाह्य ठरवली. कठोरपणापेक्षा खात्री महत्त्वाची. चोरीची नोंद त्याच दिवशी होईल, क्रमांक त्याच दिवशी सर्व राज्यांना कळेल, पूर्वमंजुरी आणि तज्ज्ञांचा अहवाल वेळेत येईल, आणि दोन वर्षांची का होईना, शिक्षा नक्की होईल, याची भीती चौदा वर्षांच्या अनिश्चित शिक्षेपेक्षा जास्त असते.

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. अग्निशस्त्राची चोरी हा साध्या चोरीपेक्षा वेगळा, गंभीर गुन्हा ठरवावा. सरकारी शस्त्रागारांची आणि बाद शस्त्रांची नियमित, त्रयस्थ मोजणी करावी. मालकाने चोरी कळवण्याची मुदत ठरवून द्यावी. आणि परवानाधारक वाचकांना एक विनंती: तुमच्या घरात बंदूक असेल तर ती आजच रिकामी करा, काडतुसे वेगळ्या जागी ठेवा, कुलूप लावा. क्रमांक वहीत लिहून ठेवा. कधी ती जागेवर दिसली नाही, तर नातेवाइकांना विचारत बसू नका. त्याच तासाला पोलीस ठाणे गाठा. त्या एका तासावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो.