पद्मिनीचं बॉनेट, वीस जणांचा एक साचा

मुंबईतली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. खासगी पद्मिन्या मात्र पुण्या-नाशकात, कोल्हापुरात अजून जिवापाड जपल्या जातात. इंजिन जाणणारा मिस्त्री शोधला की सापडतो. अडतं ते पत्र्याशी. गाडीचं उत्पादन थांबून वीसहून अधिक वर्षं झाली. बॉनेटच्या कडा गंजल्या की त्यात लांबी तरी किती वेळा भरायची? अशा वेळी फायबरचं बॉनेट करून घेता येतं, आणि ते दहा-वीस जणांनी मिळून केलं तरच परवडतं.

का, ते हिशेबात दिसेल. आकडे केवळ समजण्यापुरते. समजा साचा ४०,००० रुपयांना पडला आणि एका बॉनेटचा माल-मजुरीचा खर्च ७,००० आला. एकट्याला ते ४७,०००ला पडेल. पाच जणांत प्रत्येकी १५,०००, वीस जणांत ९,०००. म्हणजे मंडळी खरं तर साचा विकत घेत असतात. बॉनेट त्यातून निघतं. म्हणून साचा गटाच्या मालकीचा राहील आणि कारागीर त्यातून परस्पर माल काढून विकणार नाही, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावं. हे तोंडी ठेवण्याची चूक करू नका.

साचा मूळ बॉनेटवरून घेतात, आणि सगळं काम इथेच ठरतं. मूळ पत्र्यावर पोचा असेल तर तो साच्यात उतरतो आणि वीसच्या वीस बॉनेटांवर छापला जातो. पत्रा आधी एखाद्या गाडीवर बसवून चारी बाजूंच्या फटी पाहाव्यात, मग घासून, पॉलिश करून आरशासारखा करावा. त्यावर मेणाचे अनेक हात देतात, म्हणजे साचा सुटून येतो. पॉलिएस्टर रेझिन सुकताना आकसतं. साचा थोडा आकसतो, त्यातून निघालेला नगही थोडा आकसतो. म्हणून साचा नगाच्या दुप्पट तरी जाड हवा, मागून त्याला लोखंडी किंवा लाकडी चौकट हवी आणि तो घाईनं काढता कामा नये. घाईचा साचा पिळवटतो.

नग करताना साच्यात आधी जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, सुमारे अर्धा मिलिमीटर थर देतात. तो चिकटसर असतानाच काचेच्या तंतूंची मॅट अंथरून ती रेझिननं भिजवतात आणि रोलर फिरवून हवा काढतात. राहिलेला बुडबुडा उन्हात फुगून रंगाखाली फोड आणतो. रेझिन जास्त ओतलं म्हणजे नग मजबूत होतो, हा समज चुकीचा आहे. ताकद मॅटची, जादा रेझिननं तो ठिसूळ होतो. बॉनेट इंजिनावर तापतं, तेव्हा साध्या जीपी रेझिनऐवजी आयसो रेझिनचा आग्रह धरावा. बिजागऱ्या आणि कुलूप येतात तिथे लोखंडी पट्ट्या मॅटच्या थरांमध्येच बसवून घ्याव्यात आणि आतून ताठ सांगाडा हवा. धावत्या गाडीचं बॉनेट उघडलं तर काचेवर आदळतं. इथे पैसे वाचवू नयेत. हे काम भर पावसाळ्यात काढू नये, दमट हवेत रेझिन नीट पकडत नाही. तीन मिलिमीटर जाडीचं बॉनेट पत्र्याहून जाड असूनही हलकं भरतं, कारण फायबरची घनता लोखंडाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असते.

आता पैसे. ‘माझं एक धरा’ म्हणणाऱ्याला धरू नये. साच्याचा वाटा भरेल त्यालाच यादीत घ्यावं, नाहीतर वीसचे बारा होतात आणि उरलेल्यांवर बोजा पडतो. रक्कम तीन हप्त्यांत घ्यावी: साच्याचा वाटा आधी, अर्धे पैसे पहिला नग बसल्यावर, बाकी नग हाती आल्यावर. खातं दोघांच्या सहीचं असावं आणि जमाखर्च सगळ्यांना दिसावा.

पहिला नग गटातल्या कुणाच्याही गाडीवर प्रत्यक्ष बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नये. शक्य तर दोन गाड्यांवर बसवून पाहावा. जुन्या गाड्या डेंटिंगच्या हातोड्याखालून इतक्या वेळा गेलेल्या असतात की दोन पद्मिन्यांचं माप तंतोतंत जुळत नाही. कडेला थोडं जादा माप ठेवून ज्याच्या त्याच्या गाडीवर घासून बसवायचं, हे सभासदांना आधीच सांगावं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. रंगवण्यापूर्वी पृष्ठभागावरचं मेण पूर्ण काढायला लावावं, नाहीतर रंग सोलून येतो.

आकार मूळचाच ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करू देत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवावं.

काम संपल्यावर साचा चौकटीसकट, कोरड्या जागी, वर वजन न ठेवता सांभाळावा. पुढच्या गरजूला तोच उपयोगी पडेल. आणि तुमच्या गॅरेजच्या माळ्यावर पद्मिनीचं एखादं न ठोकलेलं, मूळ बॉनेट पडून असेल, तर कृपा करून ते भंगारात देऊ नका. साचा घ्यायला तसंच एक लागतं.