सप्ताहासाठी वीणा घेताय? नक्षी नंतर, आधी दांडीचा जोड बघा

महाळुंगे (ता. खेड) : हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. गावच्या वर्गणीतून वीणा घेताना रंग, नक्षी सगळे बघतात. पण तारांचा सगळा ताण येतो दांडीवर आणि ती भोपळ्याला जिथं बसते त्या जोडावर. तोच कच्चा असेल तर वीणा सुरात राहत नाही.

दांडी कशी घडते?

सतार आणि तंबोऱ्यासाठी सांगली जिल्ह्यातलं मिरज प्रसिद्ध आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं ही कारागिरी उभी केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मोठं नाव. भोपळे मंगळवेढा भागातून येतात, लाकूड कर्नाटकातून.

लाकूड आधी पूर्ण वाळलेलं लागतं. ओलं वापरलं तर दांडी पुढं पिळते. मग पटाशीनं दांडी आतून कोरून पोकळ करतात, पाठ रंध्यानं आणि कानशीनं गोल करतात, वर सपाट पट्टी चिकटवतात. भिंत जाड राहिली तर वजन वाढतं, फार पातळ झाली तर तारांच्या ओढीनं दांडी वाकते.

मशीन का चालत नाही?

चाकणच्या कंपनीत हजार नग एकाच मापाचे निघतात. भोपळा मात्र शेतात पिकतो, प्रत्येकाचा आकार वेगळा. त्यामुळं दांडी आणि भोपळा जोडणारा लाकडी गळा त्या-त्या भोपळ्याच्या मापानंच तासावा लागतो. बसवून बघायचं, उंचवटा दिसेल तिथं थोडं तासायचं, परत बसवायचं. लाकूड लाकडाला पूर्ण भिडलं तरच चिकटवलेला जोड धरतो. फट लांबीनं बुजवली तर ताण आल्यावर ती उघडते.

घेताना हे तपासा

• एक डोळा मिटून दांडीच्या टोकाकडून भोपळ्याकडं बघा. वाक किंवा पीळ लगेच दिसतो.

• तारा दांडीच्या मधून सरळ घोडीवर जातात का? एका बाजूला सरकत असतील तर दांडी तिरकी बसली आहे.

• जोडावर नख फिरवा. फट, लांबी किंवा ताजा रंग दिसला तर विचारा.

• तारा सुरात लावून तासभर थांबा. नव्या तारा थोड्या उतरतातच. पण पुन्हा लावूनही सूर उतरत राहिला तर खुंट्या आणि जोड दोन्ही तपासून घ्या.

• मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ‘मिरजेचा तंबोरा’ म्हणून कुणी विकत असेल तर तो नेमका कुठं बनला, हे विचारून घ्या.

जोड सैल झाला तर घरी खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. आधी तारा सैल करा आणि वाद्य कारागिराकडं न्या.