यंत्राला काय दिसते?



आपले स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचे गाव. येथे अनेकांची उपजीविकाच संगणकावर चालते. तेव्हा वर्गातील संगणकाविरुद्ध बोलणे जरा धाडसाचेच. पण माझा विरोध यंत्राला नाही, शिकवण्याचा सारा भार त्यावर टाकण्याला आहे.

मी अनेक वर्षे गणित शिकविले. वजाबाकी करताना मूल हातचा विसरले, की वहीत ते ताबडतोब दिसते. खोडलेला आकडाही पुष्कळ सांगतो. सरावाच्या बहुतेक संगणकीय धड्यांत मात्र केवळ उत्तर नोंदले जाते: बरोबर किंवा चूक. चूक ठरले, की मूल दुसरा पर्याय दाबते, मग तिसरा. शेवटी हिरवी खूण उमटते आणि शिक्षिकेच्या तक्त्यात धडा 'पूर्ण' होतो. हातचा विसरलेला तो विसरलेलाच राहतो.

हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली. पुढे तीच सर एली कदूरी शाळा झाली. त्या काळी साधन काय, तर पाटी. पण पाटीवर डोकावणारा शिक्षक मुलाची चूक कोठे झाली, हे जागीच ओळखू शके.

उलट, जे दिसू नये ते यंत्राला दिसते. आपल्याच पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाजवळील लोअर मेरियन येथे शाळेने मुलांना लॅपटॉप दिले होते. चोरीला गेलेले यंत्र शोधण्याच्या सोयीने त्यांतील कॅमेऱ्यांनी मुलांची घरातलीही छायाचित्रे टिपल्याचे २०१० मध्ये उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली. मुलाची खोली दिसली. त्याचे अडलेले गणित नाही!

खर्चाइतके फळ तरी मिळते काय? ओईसीडी या संघटनेच्या २०१५ च्या अहवालानुसार, शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित वा विज्ञानात लक्षणीय सुधारणा आढळली नाही. लेखन शिकण्यास, दूरचे ग्रंथ मिळविण्यास, अपंग मुलांस यंत्र उपयोगी आहे, हे मी मान्य करतो.

पुढील पालक-शिक्षक भेटीत गुणांचा तक्ता दाखवतील, तेव्हा मुलाने हाताने सोडविलेली चार उदाहरणेही मागा. माझ्या नातीच्या शिक्षिकेस मी तशी विनंती केली. आता त्या वर्गात आठवड्यातून दोन दिवस गणित कागदावर होते.