कसबी, चौकसी आणि वतनदार

माणसाने जन्मभर जे एकच काम केले, ज्यावर त्याचे पोट चालले आणि ज्यात त्याचे चित्तही रमले, त्या कामाला मराठीत कोणत्या एका शब्दाने संबोधावे, असा प्रश्न कोणी केला तर कोशकारही घटकाभर घुटमळेल. कारण धंदा म्हणावे तर त्यात पैशाचा खणखणाट फार, व्रत म्हणावे तर पोटाचा विचार अगदीच नाही, आणि वृत्ती, वतन, पेशा, कसब, व्यासंग हे जे शब्द या दोहोंच्या मध्ये येतात, त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी एखादी राजवट, एखादी सनद किंवा एखादी जात उभी असते. हे शब्द कोशात वाचण्यापेक्षा माणसांच्या अंगाखांद्यावर पाहावेत, आणि त्यासाठी तापीकाठच्या बुऱ्हाणपुराइतके सोयीचे शहर खानदेशच्या परिसरात दुसरे नाही.

रावेरच्या केळीच्या बागा मागे टाकून सरहद्द ओलांडली की हे शहर लागते. आज ते मध्य प्रदेशात मोडते. परंतु सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने फारुकी सुलतानांनी ते वसविले तेव्हा ते खानदेशच्या गादीचे ठिकाण होते, 1601 साली असीरगड अकबराच्या हाती पडल्यावर ते मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे केंद्र झाले, आणि पुढे निजाम, पेशवे, शिंदे व इंग्रज अशा एकामागून एक अंमलांनी आपापली दफ्तरे येथे आणली. राज्ये गेली, पण दफ्तरांतले शब्द लोकांच्या बोलण्यात उरले.

शहराची कीर्ती कापडाची. सतराव्या शतकात येथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहून गेला आहे की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंड आणि मॉस्कोपर्यंत जात असे. त्या कापडाच्या काठापदरात जो सोनेरी धागा चमके त्याला कलाबतू म्हणत, आणि तो तयार कसा होई हे पाहण्यासारखे आहे. चांदीची एक कांब घेत, तिला पासा म्हणत. त्या पाशावर सोन्याचा वर्ख गुंडाळून तो तापवीत, ठोकीत, आणि मग पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ओढीत ओढीत केसाएवढी तार करीत. नवल असे की चांदी कितीही ताणली तरी वरचे सोने तिच्याबरोबर ताणले जाते आणि तारेचे अंग कोठे उघडे पडत नाही. ही तार ऐरणीवर हातोडीने चपटी करावयाची, आणि ती चपटी पट्टी रेशमी दोऱ्याभोवती पीळ देऊन गुंडाळावयाची, म्हणजे कलाबतू सिद्ध झाला. तार ओढणारा निराळा, चपटी करणारा निराळा, पीळ देणारा निराळा. आणि ज्याच्या हाती हातोडी आली तो बहुधा म्हातारपणी दृष्टी मंदावेपर्यंत हातोडीच चालवी.

चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेल्या 1870 सालच्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याचे जे वर्णन आहे, त्यात एका अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. त्याचे नाव चौकसी. सोने आणि चांदी टांकसाळीत यावे, चौकसीने ते पारखावे, आणि चांदीवर सोने चढून तिची ठरावीक जाडीची तार तेथेच निघाल्यावर मगच माल कारागिराच्या हाती पडावा, अशी शिस्त होती. आणि हे पारखीपण वंशपरंपरेचे होते. बापाची नजर मुलाला येतेच असे निसर्गाने कोठे लिहून दिलेले नाही, परंतु सरकारने लिहून दिले होते. चोकसी हे आडनाव आजही पश्चिम हिंदुस्थानात ठिकठिकाणी आढळते, मग ते लावणारा गृहस्थ बँकेत असो की दवाखान्यात.

काम ही मिळकत मानण्याची ही रीत आपल्याकडे सर्वत्र होती. वृत्ती या शब्दाचा एक अर्थ मनाचा कल, आणि दुसरा अर्थ उपजीविकेचा हक्क. जोशीपणाची वृत्ती गहाण पडे, विकली जाई, भावाभावांत वाटली जाई, आणि तिच्यावरून कज्जे पिढ्यान्पिढ्या चालत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा बलुत्या-अलुत्यांची ही व्यवस्था त्यांच्या डोळ्यांदेखत कुरकुरत होती. वतन या शब्दात प्रतिष्ठा होती हे खरे, पण ती सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. देशमुखाला वतन म्हणजे मान. महाराला तेच वतन म्हणजे नाममात्र मोबदल्यात रात्रंदिवस राबण्याची सक्ती. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते याच कारणाने. जन्माने चिकटलेल्या कामाला जीवितकार्य म्हणण्याची आपली हौस या एका उदाहरणापुढे तरी थबकावी.

संतांनी मात्र याच जन्मप्राप्त कामाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी: धंदा सोडून देव शोधावयास जाणे यांना मान्य नव्हते, आणि नावामागून धंद्याची खूण पुसून टाकणेही त्यांच्या मनात आले नसावे. बुऱ्हाणपुरात, जेथे मोमीन विणकरांच्या वस्त्या आहेत, तेथेच नागझिरीला कबीर निर्णय मंदिर हा कबीरपंथीयांचा मान्यवर मठ असावा, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. ताणाबाण्याच्या भाषेत ब्रह्मविचार सांगणाऱ्या त्या काशीच्या विणकराची भाषा जितक्या लवकर येथल्या माणसाला कळेल तितक्या लवकर शास्त्रीबुवांनाही कळणार नाही.

याच शहरात दीर्घकाळ राहिलेला अब्दुल रहीम खानखानान याची गोष्ट अगदी उलट. पेशाने तो सेनापती आणि सुभेदार. लढाया, तह, वसुली आणि दरबारी मत्सर यांत त्याचे आयुष्य गेले. पण 1589 साली बाबराच्या आत्मचरित्राचा तुर्कीतून फारसीत अनुवाद पुरा करणारा, हिंदीत दोहे रचणारा आणि कवींना मुक्तहस्ते आश्रय देणारा रहीमही तोच होता. अब्दुल बाकी नहावंदी याने त्याचे चरित्र, ‘मआसिरे रहीमी’, 1616 साली हातावेगळे केले ते त्याच्याच आश्रयाने. यातले रहीमचे खरे काम कोणते? मराठीत सुभेदारी हा पेशा आणि काव्य हा व्यासंग, अशी वाटणी सहज करता येते. पण काळाने सुभेदारी विसरून व्यासंगच तेवढा ध्यानात ठेवला, आणि पगार ज्याचा मिळतो त्याला खरे काम समजणारे आपण तेथे खोटे पडतो.

मग विसाव्या शतकात ताप्ती मिल आली, जवळच नेपानगरला वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना उभा राहिला, ज्याचे 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रार्पण झाले, आणि त्यांच्याबरोबर भोंगा, पाळी, हजेरीपट व निवृत्ती हे शब्द आले. चौकसी कधी निवृत्त झाल्याचे ऐकिवात नाही. नोकरदार ठरलेल्या वयाला हारतुरे घेऊन घरी येतो. यात काही गमावले असेल, पण बाप खात्यात होता म्हणून मुलाने खात्यातच मेले पाहिजे ही सक्ती सुटली, हा लाभ मला थोडा वाटत नाही.

एका शब्दाचा हिशेब मात्र राहून जातो. कसब हा मूळचा अरबी शब्द, अर्थ कमाई. मराठीत येता येता तो कमाईवरून कौशल्यावर सरकला, आणि कसबी म्हणजे वाकबगार कारागीर झाला. त्याच शब्दाचे स्त्रीलिंग कसबीण, आणि त्याचा अर्थ काय झाला हे सांगावयास नको. पुरुषाच्या हातच्या हुन्नराला गौरव देणाऱ्या भाषेने स्त्रीच्या कमाईकडे एकाच नजरेने पाहिले. विणकराच्या घरात रहाटावर सूत उलगडून कांड्या भरण्याचे काम पुष्कळदा बायका आणि मुली करीत आल्या. कांडी सैल भरली तर धोट्यात सूत अडकते आणि वीण बिघडते, तेव्हा हे काही हलक्या हाताचे काम नव्हे. तारकश, रंगारी, पटवेकरी अशी नावे कारागिरांना पडली, कांडी भरणारीला पडले नाही. मजुरी ठरे ती विणकराच्या ठाणामागे, आणि तिचा मेहनताना त्यातच धरलेला असे.