सहाराच्या उशाला बर्फ

मोरोक्कोत लोक स्कीइंग करतात असं सांगितलं तर ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते. आफ्रिका म्हणजे रणरणतं ऊन, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात त्या खंडात आजवर नोंदलेलं नीचांकी तापमान, उणे २३.९ अंश सेल्सिअस, मोरोक्कोतल्याच इफ्रान या गावचं आहे. फेब्रुवारी १९३५ मधलं. हे गाव अ‍ॅटलास पर्वतात वसलंय. याच पर्वतातलं ४,१६७ मीटर उंचीचं तुबकाल शिखर हिवाळाभर बर्फाखाली असतं.

वाळवंटाशेजारचा डोंगर बोडकाच असणार, हा दुसरा समज. तो अर्धा खरा आहे. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियात मिळून सुमारे २,५०० किलोमीटर पसरलेला अ‍ॅटलास म्हणजे एकच रांग नव्हे, तर अनेक रांगांचा समूह आहे. आफ्रिका आणि युरेशियाचे भूपट्ट एकमेकांवर रेटले गेल्याने तो उचलला गेला. (ती रेटारेटी थांबलेली नाही. सप्टेंबर २०२३ च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात इथली गावंच्या गावं कोसळली.) हिवाळ्यात अटलांटिकवरून येणारे ढग या भिंतीला अडतात. पाऊस आणि बर्फ अलीकडे पडतो, पलीकडचं वारझाझात शहर कोरडं राहतं. महाबळेश्वरहून माण-खटावला गेलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. ओल्या उतारांवर मात्र देवदाराची दाट जंगलं आहेत, आणि ही झाडं आपल्या हिमालयातल्या देवदाराची भाऊबंदच.

सिंह फक्त गवताळ मैदानात राहतो? बार्बरी सिंह याच डोंगरांत, याच जंगलांत वावरायचा. १९२५ मध्ये विमानातून त्याचं एक छायाचित्र टिपलं गेलं. १९४२ मध्ये एक मारला गेल्याची नोंद आहे. आज रानात एकही उरलेला नाही.

बार्बरी मकाक अजून आहे. शेपूट दिसत नाही म्हणून पर्यटक त्याला चिंपांझीच्या जातकुळीतला समजतात, पण तो आपल्या घाटांतल्या लाल तोंडाच्या माकडाचा नातलग. मकाक कुळातल्या बाकी सगळ्या जाती आशियातल्या. आफ्रिकेत रानटी अवस्थेत उरलेली ही एकटीच. बर्फात ही माकडं एकमेकांना बिलगून ऊब धरतात, आणि नरही पिल्लं अंगाखांद्यावर वागवतात. थंडी हे त्यांच्यावरचं मुख्य संकट नव्हे. जंगलतोड आणि पाळण्यासाठी होणारी पिल्लांची चोरटी विक्री यांनी त्यांना संकटग्रस्त यादीत नेऊन बसवलंय.

माराकेशच्या जेमा एल-फना चौकात साखळीला बांधलेलं असं माकड फोटोसाठी कुणी खांद्यावर ठेवू लागलं, तर पैसे देऊ नका.