मुळशीचा लढा आणि ग्रामसेवेची परंपरा

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, टाटांच्या धरणापायी ज्यांची आंबेमोहोर पिकविणारी खाचरे पाण्याखाली जाणार होती त्या मुळशी पेट्यातील मावळ्यांनी, पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली, ‘जान किंवा जमीन’ या प्रतिज्ञेने सत्याग्रह आरंभिला. धरण झाले, वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली आणि मोबदल्याचा मोठा वाटा सावकारांच्या पदरी पडला.

बापटांना ‘सेनापती’ हे नामाभिधान याच लढ्याने दिले. परंतु त्यापूर्वीच, पॅरिसमध्ये बाँबविद्या शिकून आलेला हा पुरुष जन्मगावी पारनेरास स्वहस्ते खराटा घेऊन गल्ल्या झाडीत असे, ही गोष्ट मला त्यांच्या पराक्रमाइतकीच थोर वाटते.

हाच धागा कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी अधिक दूरवर नेला. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागून ते नाकारले गेल्यावर त्यांनी अन्नत्याग केला, तेव्हा येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, अप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम स्थापिला. मृत जनावरांचे कातडे सोडविणे व कमाविणे हा जो उद्योग समाजाने एका जातीच्या माथी मारून अपवित्र ठरविला होता, तोच तेथे, सफाईच्या व खताच्या प्रयोगांसह, कोणाही जातीच्या मनुष्याने शिकावयाचा प्रतिष्ठित व्यवसाय झाला.